विलायती माती

"मातीच ती, तिच्यात काय एवढं," असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरचा बिचारा कुंडीतल्या गुलाबाबद्दल बोलत असतो आणि मी त्याला फाडून खाते. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत, त्यांचं काय गेलंय. माझं गेलंय, माझ्यापेक्षा जास्त माझ्या नवऱ्याचं गेलंय, आणि ते एका मातीपायी गेलंय. मातीपायी आणि अदबीपायी. मातीचं मी समजू शकते. अदबीचा राग अजून जात नाही.

मी माहेरची इंदूरची. वडील शाळामास्तर, त्यांनी हट्टानं मला रसायन घेऊन बी.एस्सी. केलं. लग्न होऊन ग्वाल्हेरला नया बाजारात आले तेव्हा सासरी सगळ्यांना धास्ती, की शिकलेली सून डोक्यावर मिरे वाटणार. सासरे दरबारच्या कचेरीत आयुष्य घालवलेले. घराणं दक्षिणेतून आलं त्याला पिढ्या लोटल्या होत्या, पण "आम्ही मूळचे वाईकडचे" हे ते काल टांग्यातून उतरल्यासारखं सांगत. बोलणं मात्र पार बदललेलं. "जरा हटून बस," "सब्जी काय केलीस," "मला बिलकुल फुरसत नाही." पहिल्या वर्षी मी पदराआड हसायची, दुसऱ्या वर्षी मीही तसंच बोलायला लागले.

माझे यजमान दरबारच्या प्रयोगशाळेत रसायनाचं काम बघायचे. प्रयोगशाळा म्हणजे जुना बग्गीखाना. बग्ग्या गेल्या आणि तिथे भट्टी आली, काचेची भांडी आली, आणि मधोमध एक जाड पोलादी भांडं आलं, माणसाच्या छातीइतकं उंच, आतला दाब झेलणारं. आम्ही त्याला हंडा म्हणायचो. रसायन शिकलेलं दुसरं माणूस मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी कुणाच्या तरी कानावर घातलं आणि मला मदतनीस नेमलं. नवरा-बायको एका जागी नोकरीला, याची आमच्या गल्लीत पोटभर चर्चा झाली.

काम होतं तेल घट्ट करण्याचं. दाल बाजारातून शेंगदाण्याचं तेल यायचं, ते हंड्यात घालून तापवायचं, वरून दाबानं हायड्रोजन सोडायचा, आणि थंड झालं की त्याचं पांढरं तूप व्हायचं, वनस्पती तूप. पण नुसत्या हायड्रोजननं तेल ढिम्म हलत नाही. त्यात निकेल हवं, अगदी बारीक कणांचं. तेल आणि हायड्रोजन त्या कणांवर येऊन भेटतात, तिथेच त्यांचं जमतं, आणि निकेल जसंच्या तसं उरतं. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात, आम्ही नुसती पूड म्हणायचो. आमच्या प्रयोगशाळेची सारी प्रतिष्ठा त्या पुडीवर होती, कारण बाहेरून मागवायच्या पुडीइतकी चांगली पूड माझे यजमान बग्गीखान्यात बनवायचे.

आणि इथेच ती माती येते. निकेल एकटं घेतलं तर तापल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात. गोळ्याच्या आत दडलेलं निकेल काय कामाचं, काम तर वरवरच्या थरावर चालतं. म्हणून निकेल कशावर तरी पसरून बसवावं लागतं. निकेलच्या हिरव्या पाण्यात माती ढवळायची, सोडा घालायचा, की हिरवा साका मातीवर बसतो. तो धुवायचा, वाळवायचा, हायड्रोजनमध्ये भाजायचा, की काळी पूड तयार. तिला हवा लागली तर भडकायची, म्हणून ती तेलात बुडवून ठेवायची.

माती कुठली घ्यायची, यावर माझ्या नवऱ्यानं तरुणपणाची वर्षं घातली होती. कोळशाच्या भुकटीवर निकेल बसवलं तर तेल झटपट घट्ट व्हायचं, पण ती काळी भुकटी गाळून निघायची नाही. खडूवर बसवलं तर तेलातल्या आम्लाशी खडूचं जमायचं आणि हंड्यात साबण व्हायचा. विटेच्या भुग्यावर निकेल आळशी व्हायचं, दुपार सरली तरी तेल पातळच. भाताच्या तुसाच्या राखेवर ते बरं चालायचं, पण दोनदा वापरलं की दमायचं. निकेल तेच, तेल तेच, आच तीच, आणि खालची वस्तू बदलली की निकेलचा स्वभावच बदलायचा. मला याचं नवल वाटलं नाही. मातीच्या तव्यावरची भाकरी आणि लोखंडाच्या तव्यावरची भाकरी एकच लागते का? कुठल्याही बाईला विचारा. नवल पुरुषांना वाटायचं.

शेवटी पिपांतून एक पांढरी माती आली, परदेशातून, मुंबईच्या बंदरावरून. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांची कवचं साचून झालेली ती माती. हातात घेतली तर वजनच लागू नये, इतकी पोकळ, जिथे तिथे भोकं. त्या भोकाभोकांत निकेल पातळ पसरायचं, तापलं तरी जागा सोडायचं नाही, तेल आतपर्यंत जाऊन परत यायचं, आणि गाळताना तीच माती गाळणीवर थर धरून सगळं निकेल अडवायची. तिच्यावर केलेलं तूप असं पांढरंशुभ्र आणि रवाळ व्हायचं की सासूबाई सोवळ्यात नसतील तेव्हा चमचाभर चाखून बघायच्या. आम्ही तिला विलायती माती म्हणायचो.

मग संस्थान विलीन झालं. मध्य भारत झाला, अर्धं सरकार इंदूरला, अर्धं ग्वाल्हेरला, कागद इकडून तिकडे. त्यात आम्ही कसेबसे टिकलो. पुढे मध्य भारतही मोडला, नवा प्रांत झाला आणि राजधानी गेली भोपाळला. ग्वाल्हेरची खाती एकेक करून गाडीत बसली. नया बाजारात ज्या घरी जावं तिथे तेच, कुणाचा मुलगा भोपाळला, कुणाचा जबलपूरला, कुणी जास्तीचा ठरवून घरी बसवलेला. काल ज्यांच्या नावाची पालखी निघायची ते आज बदलीच्या हुकुमाची वाट बघत ओट्यावर बसलेले.

आमच्या खात्याला नवे साहेब आले. हिंदी मुलखातले, चुणचुणीत, कामाचा उरक दांडगा. वाईट माणूस नव्हता, हे मी रागाच्या भरातही सांगते. प्रयोगशाळा बघायला आले तेव्हा त्यांची नजर पिपावरच्या परदेशी शिक्क्यावर गेली. हे काय, म्हणून विचारलं. यजमानांनी सांगितलं, माती आहे. साहेबांना हसू आवरेना. आपल्या देशात मातीचा तोटा पडला का, स्वराज्य मिळवलं ते मातीही बाहेरून आणायला का, असं ते म्हणाले आणि बरोबरचे सगळे हसले. मी बघत होते, माझा नवराही अदबीनं हसला. साहेबांनी तिथल्या तिथे ती माती बंद केली. ग्वाल्हेरच्या आसपास निघणारी, कपबश्या करतात ती पांढरी माती वापरा म्हणाले. पांढरी ती, पांढरी ही.

मी यजमानांना म्हटलं, अहो, सांगायचंत ना तिथेच. ते म्हणाले, सगळ्यांच्या देखत कसं सांगणार? खासगीत अर्ज करीन.

आता हा खासगीत अर्ज म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सासरच्या माणसांना बाळपणापासून एक शिकवण असायची. चारचौघांत वरिष्ठाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तो चुकला असेल तरी मान डोलवायची. मग संध्याकाळी तो घरी कोट उतरवून नुसत्या सदऱ्यावर सैल होऊन बसला की एकट्यानं जायचं, हात जोडायचे आणि खरं काय ते हळूच सांगायचं. तोही ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम आपोआप फिरायचा, जणू त्यालाच सुचलं. सासरे एक किस्सा फार अभिमानानं सांगत. त्यांच्या कचेरीतले एक बडे अधिकारी भर बैठकीत बोलून गेले की आज एकादशी, आणि होती दशमी. कुणी ब्र काढला नाही. सगळ्या कचेरीनं त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. संध्याकाळी सासऱ्यांनी खासगीत अर्ज केला, अधिकारी ओशाळले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा उपास केला. हा किस्सा ऐकून मी लग्नानंतर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. मला वाटलं, विनोद आहे. तो विनोद नव्हता, तो आमच्या घरचा धर्म होता.

पण दरबारात निदान संध्याकाळ तरी असायची. नव्या राज्यात साहेब सदऱ्यावर बसतच नसत. भेटायचं तर चिठ्ठी पाठवा, चिठ्ठी मागे यायची की कामाचं लेखी कळवा. यजमान लेखी कळवेनात, का, तर साहेबांची चूक कागदावर आणायची म्हणजे बेअदबी. मागचं दार नव्या राज्यानं बुजवलं होतं आणि पुढच्या दारातून माझा नवरा जाईना. मी डोकं आपटून घेतलं.

पिपात उरलेली विलायती माती संपत आली तशी नव्या मातीवर पूड करायला घेतली. व्हायचं तेच झालं. कपबश्यांची माती जड आणि गच्च, निकेल तिच्या अंगावरच्या अंगावर राहिलं आणि भाजताना त्याचे गोळे झाले. तेल दुप्पट वेळ तापवलं तरी लोण्यासारखं मऊ राही. गाळायला घेतलं तर माती चिखल होऊन गाळणी बुजवायची, आणि जे काही खाली यायचं त्याला राखाडी झाक. बाहेरून तूप करणाऱ्या गिरणीचा माणूस यायचा, त्यानं ते बोटावर घेऊन बघितलं आणि बोट पुसलं.

अशात बातमी आली की भोपाळहून समिती येणार. कुठली प्रयोगशाळा राहील, कुठली बंद होईल, ते ती ठरवणार. आमच्याकडे ते पूड करून दाखवायला सांगणार होते. तूप नीट जमलं तर प्रयोगशाळा ग्वाल्हेरला राहणार. नाही जमलं तर हंडा भोपाळला जाणार, प्रयोगशाळेला कुलूप, आणि आमचे यजमान कुठल्या तरी शाळेत मुलांना लिटमसचा कागद निळ्याचा लाल करून दाखवणार. इतकं सरळ होतं. ते समजायला बी.एस्सी.ही लागत नव्हतं.

पिपाच्या तळाशी अजून विलायती माती होती, एका चाचणीपुरती. मी म्हटलं, ही वापरा. मी पाया पडते म्हटलं, आणि खरंच वाकले. ते मागे सरकले. साहेब समोर असणार, साहेबांचा हुकूम नव्या मातीचा, त्यांच्या डोळ्यांदेखत हुकूम कसा मोडायचा? चाचणी नव्या मातीचीच होईल. मग समितीच्या अध्यक्षांना मी खासगीत भेटेन आणि सगळं समजावून सांगेन. ते विद्वान माणूस आहेत म्हणे, ऐकतील. मी विचारलं, आणि नाही भेटले तर? म्हणाले, असं कसं, भेटीला आलेल्याला कुणी परत पाठवतं का? या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. रेल्वे निघून गेली आणि हे अजून पालखीची वाट बघतायत.

मी ऐकलं नाही. ती तळाची माती घेतली, तिच्यावर निकेल बसवलं, आणि चाचणीच्या दिवशी सकाळी हंड्यासारख्याच एका छोट्या दाबाच्या भांड्यात वेगळं तेल तापत लावलं. यजमानांनी बघितलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, चष्मा पुसत उभे राहिले. ते मला पुरेसं वाटलं.

समिती आली. अध्यक्ष पिकल्या केसांचे, खुर्चीत न बसता हंड्याभोवती फिरले, दाबाचा काटा बघितला, वास घेतला. मला आशा वाटली. नवे साहेब त्यांच्या शेजारी. दुपारपर्यंत हंड्यातलं तेल काढलं, गाळलं, थंड केलं. वाटीत ओतलं ते दुधावरच्या सायीसारखं थरथरत राहिलं, मळकट रंगाचं. अध्यक्षांचा चेहरा पडला. साहेब म्हणाले, यंत्रं जुनी आहेत, माणसंही जुन्या पद्धतीची, दरबारी काम. म्हणजे आम्हालाच नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण तर यांनीच उकरलेलं.

मग मी पुढे झाले. बाईमाणसानं समितीसमोर तोंड उघडायचं नसतं हे मलाही माहीत होतं. छोट्या भांड्यातलं तूप मी त्यांच्यापुढे ठेवलं. पांढरंशुभ्र, कडा हाताला टणक. अध्यक्षांनी चष्मा वर केला. मी त्यांना हिंदीतून सांगितलं की निकेल तेच आहे, तेल त्याच डब्यातलं आहे, बदलली आहे ती फक्त खालची माती. जुनी माती पोकळ आहे म्हणून निकेल तिच्यावर पसरतं, ही गच्च आहे म्हणून गोळा होतं. प्रयोगशाळा नालायक नाही, माती चुकीची आहे.  ते ऐकत होते, खरंच ऐकत होते. एकदा त्यांनी दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवून बोटानं दाबून बघितल्या.

साहेब हसले. गोड हसले. म्हणाले, "मिट्टी तो मिट्टी है, काम तो निकेल करता है। कहीं बहनजी बाज़ार का डिब्बा तो नहीं खोल लाईं?"

हशा झाला. मी विकतच्या डब्यातलं तूप वाटीत घालून आणलं म्हणे. आयुष्यात असा अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि केला तो हसत हसत. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते माझ्या नवऱ्याकडे वळले. प्रयोगशाळा त्यांची, शब्द त्यांचा. त्यांनी नीट, शांतपणे विचारलं की बाई म्हणतात ते खरं आहे का, मातीनं एवढा फरक पडतो का.

सगळ्या खोलीनं त्यांच्याकडे बघितलं. मी बघितलं. एक हो म्हणायचं होतं. तोंडातून दोन अक्षरंही नाही, एकच. ज्या माणसानं मातीच्या मागे तरुणपण घालवलं, ज्यानं मला शिकवलं की निकेल खालच्या वस्तूप्रमाणे स्वभाव बदलतं, त्यानं साहेबांकडे बघितलं, हात पुढे बांधले आणि मान खाली घातली.

"हुज़ूर ने जो फ़रमाया, ठीक ही फ़रमाया।"

अध्यक्षांनी वाटी खाली ठेवली. प्रयोगशाळेचा प्रमुखच म्हणतो माती ती माती, तर त्यांनी तरी काय करावं? बायकोनं लबाडी केली हेही त्यात आपसूक आलं. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं नाही. मला त्या माणसाच्या कानशिलात मारावीशी वाटली, आणि हे मी आज लिहिते आहे ते पूर्ण शुद्धीवर.

ते खासगीत भेटायला गेलेच, अर्थातच. संध्याकाळी पगडी घातली, लांब कोट घातला, समिती उतरली होती त्या बंगल्यावर गेले. बाहेरच्या बाकावर बसले. आत अध्यक्षांचं सामान बांधणं चाललं होतं. मग मंडळी दुसऱ्या दारानं मोटारीत बसून स्टेशनला गेली. हे बाकावरच बसलेले. माळ्यानं येऊन सांगितलं तेव्हा उठले. घरी येऊन म्हणाले, भेट झाली नाही. मी ताट वाढलं आणि त्यांच्याशी बोलले नाही. किती काळ बोलले नाही ते मोजलं नाही, पण सासूबाईंना आमच्या दोघांतले निरोप सांगता सांगता कंटाळा आला.

निकाल काय लागायचा होता. प्रयोगशाळा बंद. यजमानांची किला गेटजवळच्या एका शाळेत बदली. माझी जागा तर मुळात नव्हतीच, असं कळलं. नया बाजारातले आमचेच लोक यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, बरं झालं, घरच्या घरी नोकरी मिळाली, लोकांना भोपाळला जावं लागतंय. वर मला समजावायचे, की वहिनी, तुमच्या यजमानांनी शेवटपर्यंत मर्यादा सोडली नाही, असं वागणं आता बघायला मिळत नाही. खानदानी, म्हणायचे. मी आत जाऊन भांडी आपटायची. मर्यादा कुणाची सांभाळली? बायकोला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, आयुष्यभराच्या कामाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, यात मर्यादा कुठली? साहेबांची अब्रू झाकायला आमची दोघांची अब्रू अंथरली, आणि वर कौतुक.

हंडा हलवायचा दिवस आला. स्टेशनच्या मालधक्क्यावर वॅगन उभी होती. यजमान म्हणाले, हंड्याचे काटे आणि झडपा नाजूक आहेत, चढवताना मी उभा राहतो. मी पण गेले, का ते मला माहीत नाही. बहुधा भांडायलाच गेले असेन. हमाल दोर लावत होते, मालबाबू होते, खात्याचे कारकून होते, आणि नवे साहेब स्वतः आले होते. हंडा चढला, आत गवत ठासलं. मग साहेबांनी यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना वॅगनच्या पलीकडच्या बाजूला नेलं, एकट्यांनाच. ज्या खासगी भेटीसाठी हा माणूस इतके दिवस तडफडला, ती भेट साहेबांनी आपणहून दिली.

पलीकडे काय झालं ते मला यजमानांनी नंतर सांगितलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, भोपाळला नवा माणूस येतो आहे, तिथे काम बिघडायला नको, तर ती जुनी माती कुठून यायची, कुठल्या जातीची, एवढं लिहून द्या. आणि ही गोष्ट आपल्यातच राहू द्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. वाट्या बघितल्या तेव्हाच कळलं असणार, किंवा त्याच्याही आधी. कळलं आणि हसले, बाजारचा डबा म्हणाले.

पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच बघितलं की यजमान वॅगनला वळसा घालून परत आले आणि मालधक्क्याच्या मधोमध उभे राहिले. पगडी सरळ केली. साहेब मागून येत होते. यजमानांनी त्यांना वाकून नमस्कार केला, पूर्वीसारखाच, आणि मग अशा आवाजात बोलले, जो मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. हमाल दोर गुंडाळता गुंडाळता थांबले.

"हुज़ूर ने अभी अकेले में पूछा कि पुरानी मिट्टी कौन-सी थी। वही थी, जो आपने बंद करवाई। मेरी पत्नी ने सच कहा था। झूठ मैंने कहा था।"

 साहेबांनी कारकुनांकडे बघितलं, कारकुनांनी जमिनीकडे. साहेब म्हणाले, उगाच जुनं काढू नका, आणि मोटारीकडे चालायला लागले. बस्स. आभाळ कोसळलं नाही, कुणाची नोकरी गेली नाही, यजमानांना कुणी काही केलं नाही. हमालांनी वॅगनचं दार लोटलं आणि अडसर घातला.

यजमान माझ्याकडे वळून बघत होते. त्यांना वाटलं असेल, मी आता तरी हसेन, निदान बोलेन. मी बोलले. भर धक्क्यावर त्यांच्या कोटाची बाही धरली आणि रडत रडत ओरडले, "एवढंच तर बोलायचं होतं हो. एवढंच तर बोलायचं होतं."